खेकड्याच्या जेवणासोबत पानात आणखी काय असावे?

माहेर_माढा

मंडळी, नमस्कार. आषाढ सरायच्या आधीच्या रविवारी माझ्या लेकीच्या सासरची माणसे मालवणहून सोलापुरात आमच्या घरी प्रथमच जेवायला येणार आहेत. लेक-जावई, विहीणबाई, व्याही आणि आम्ही घरचे चौघे मिळून आठ पाने होतील. माझा भाऊ आदल्या संध्याकाळी माढ्याहून ओढ्यातले काळ्या पाठीचे खेकडे जिवंत आणून देणार आहे. रस्सा आमच्या पद्धतीनेच करायचा हे ठरलेले आहे. म्हणजे काळा मसाला, भाजलेले सुके खोबरे आणि कांदा यांचे वाटण, लहान पायांचा वाटून गाळलेला रस आणि आंबटपणापुरता चिंचेचा कोळ.

माझा प्रश्न रश्श्याचा नाही, त्याच्या सोबतीचा आहे. घरात आणि शेजारीपाजारी विचारले तेव्हा भरली वांगी, मसालेभात, शेंगदाण्याची चटणी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, हुलग्याचे माडगे आणि शेवटी बासुंदी अशी मोठी यादी तयार झाली. परंतु इतके सगळे मांडले तर खेकड्याकडे कोणाचे लक्षच राहणार नाही, असे मला मनापासून वाटते. त्यातच माझ्या सासूबाई माळकरी आहेत. त्यांची भांडी आणि शेगडी वेगळी असते, आणि चातुर्मास लागल्यामुळे त्या कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करतात. त्या पंगतीत बसणार आहेत, आणि त्यांच्या पानात केवळ वरण-भात पडावा हे मला बरे वाटत नाही. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि काय नव्याने घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भीमाकाठ

ताई, आपल्या यादीतला एकेक पदार्थ चांगलाच आहे, पण निवड चवीवरून करण्याआधी खेकडा खाल्ला कसा जातो याचा विचार करावा, असे माझे मत आहे. मटणाच्या जेवणात माणूस घासामागून घास घेतो आणि अर्ध्या तासात हात धुतो. खेकड्याला बसलेला माणूस नांगी फोडतो, आतला गर कोरून काढतो, कवच चोखतो, मग रश्श्याची वाटी तोंडाला लावतो आणि पुन्हा दुसऱ्या नांगीकडे वळतो. त्याचे दोन्ही हात भरलेले असतात आणि जेवण तासभर सहज चालते. त्यामुळे सोबतीचा पदार्थ असा हवा की जो तेवढा वेळ पानात पडून राहिला तरी बिघडणार नाही आणि ज्याला फारशी मोडतोड करावी लागणार नाही.

या कसोटीवर गरम भाकरी मागे पडते, हे सोलापूरकर म्हणून लिहिताना मला जड जाते, पण ते खरे आहे. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी पानात दहा मिनिटे राहिली की तिचा पापुद्रा बसतो, ती वातड होते, आणि भरल्या हाताने तिचा तुकडा मोडणे नकोसे वाटते. शिवाय घरातली एक बाई सगळा वेळ चुलीपाशी अडकून पडते आणि पाहुण्यांबरोबर बसतच नाही. त्याऐवजी आपली कडक भाकरी काढा. पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळवलेली ही भाकरी हाताच्या एका दाबाने मोडते, तिचा चुरा रश्श्यात टाकला की दोन मिनिटांत तो रस्सा पिऊन घेतो, आणि तरीही कडेचे तुकडे कुरकुरीत राहतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच ज्वारीची भाकरी मिळाली तर पाहुण्यांना आपल्या मातीची गोडी कळेल. मालवणच्या माणसांनी ही चव बहुधा घेतलेली नसेल, आणि ओढ्याच्या खेकड्याच्या पातळ, झणझणीत रश्श्याला यापेक्षा जवळचा सोबती मला तरी माहीत नाही.

आता सासूबाईंच्या पानाविषयी. भरली वांगी चातुर्मासामुळे बादच झाली, आणि इतरांच्याही पानात ती नसावीत, कारण त्यांतला दाण्याचा कूट आणि काळा मसाला रश्श्याशीच झगडत बसतो. मी शेवग्याच्या शेंगांची आमटी सुचवतो. तुरीच्या डाळीची, चिंच-गुळाची, हिंग-मोहरीची फोडणी दिलेली आणि कांदा-लसूण मुळीच न घातलेली आमटी करावी. ही निवड मी मुद्दाम केली आहे. पंगतीत खेकडा न खाणाऱ्या माणसाचे जेवण वीस मिनिटांत आटोपते आणि मग ते माणूस रिकाम्या पानापुढे इतरांची वाट पाहत बसते. शेंग मात्र हातात धरून, दातांनी ओढून, चोखून खावी लागते. सासूबाईंचे जेवणही इतरांच्याच गतीने चालेल आणि त्यांना आपण वेगळ्या पडलो असे वाटणार नाही. ही आमटी त्यांच्या शेगडीवर आधी करून ठेवावी. तीच थोडी जास्त केली तर लहान मुलांनाही भातावर घेता येईल.

माडगे मात्र नको. पावसाळ्यात ते सुखाचे असते, पण त्याने पोट भरते आणि खेकड्यासाठी जागा उरत नाही.

कोकणातून_सोलापुरात

माझे माहेर रत्नागिरीचे आणि संसार सोलापुरात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. भीमाकाठ यांचे कडक भाकरीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण आपल्या पाहुण्यांच्या पानात भात असलाच पाहिजे. समुद्राच्या खेकड्यात गर पुष्कळ असतो आणि तोच मुख्य असतो. ओढ्याच्या खेकड्यात गर थोडा आणि सगळा जीव रश्श्यात उतरलेला असतो. असा रस्सा कोकणातला माणूस भातावरच ओतून घेणार. तो भात साधा, पांढरा आणि किंचित मऊ असावा. इंद्रायणी तांदूळ त्यासाठी उत्तम आहे. मसालेभात कृपया करू नका, कारण त्यातला गरम मसाला आणि आपला काळा मसाला एकत्र आले की गाळलेल्या रसाची ती हलकी गोडसर चव हरवून जाते.

दह्याच्या कोशिंबिरीबद्दलही थोडे थांबावे. मासे-खेकड्यांबरोबर दूध-दही न घेणारी घरे आमच्याकडे बरीच आहेत, आणि पाहुणे संकोचाने काही न बोलता ती वाटी तशीच ठेवतील. लेकीला आधी विचारून घ्या, किंवा सरळ दही टाळून काकडी बारीक चिरा, तीत लिंबू, मीठ, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर घाला. मीठ मात्र वाढायच्या वेळीच घालावे, नाहीतर काकडीला पाणी सुटते. याच कारणाने बासुंदीही नको. त्या दिवसांत आपल्याकडे चांगली डाळिंबे येतात. गार केलेले दाणे वाटीत द्या. इतक्या तिखटानंतर त्या आंबटगोड दाण्यांनी तोंड स्वच्छ होते, आणि सासूबाईंनाही ते चालतील.

प्यायला सोलकढी करावी असे मला वाटते. आठ माणसांना दोन मोठे नारळ आणि पंधरा-वीस आमसुले पुरतात. आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, नारळाचे पहिले आणि दुसरे दूध काढून त्यात तो रस मिसळा, आणि ती आचेवर मुळीच ठेवू नका. लसूण-मिरचीचे वाटण घालण्याआधी सासूबाईंचा पेला वेगळा काढून त्यात फक्त मीठ आणि जिरेपूड घाला. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नये. जेवणाच्या तासभर आधी केलेली ताजी सोलकढीच घशाला आराम देते.

चाटी_गल्ली

सोलकढीला माझा थोडा विरोध आहे. जी माणसे रोज घरी सोलकढी पितात, त्यांना सोलापुरात येऊनही तीच द्यायची आणि आपली शेंगदाण्याची चटणी मात्र यादीतून काढायची, हे मला पटत नाही. उखळात कुटून तेल सुटलेली आपली चटणी हा या शहराचा अभिमान आहे. ती खेकड्याच्या पानात नको, हे मी समजू शकतो, कारण दाण्याचा तेलकटपणा जिभेवर बसला की खेकड्याची नाजूक चव लागत नाही. परंतु पाहुणे प्रवासातून येतील, हातपाय धुऊन बसतील आणि रश्श्याला अजून उकळी यायची असेल, तेव्हा कडक भाकरीचे तुकडे, चटणी, वर कच्च्या करडईच्या तेलाची धार आणि कांद्याच्या फोडी एवढे पुढे ठेवले तर ती वेळ फार चांगली जाते. सासूबाईंसाठी बिनलसणाची चटणी वेगळी कुटावी.

आणखी एक गोष्ट पदार्थाची नसली तरी पानाचीच आहे. मोठ्या नांग्या स्वयंपाकघरातच वरवंट्याने हलक्या हाताने तडकवून मग रश्श्यात सोडाव्यात. मसाला आतपर्यंत जातो आणि पाहुण्यांना दातांनी झुंजावे लागत नाही. दोन-दोन माणसांत कवचांसाठी एक रिकामे ताट ठेवावे, आणि शेवटी लिंबाच्या फोडी टाकलेले कोमट पाणी हात धुवायला द्यावे. वासासाठी थोडे बेसन हाताला चोळले तरी चालते.

माहेर_माढा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार मानते. शेवग्याच्या शेंगांची कल्पना सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी शेंगा स्वतः निवडून आणते असे सांगितले. सोलकढी फक्त भाताच्या वेळी द्यावी आणि चटणी आधी मांडावी, असे आमच्या घरात ठरले आहे.

दोन शंका मात्र उरल्या आहेत. पावसाळी हवेत कडक भाकरी सादळते, तिचे काय करावे? आणि रस्सा आधी करून ठेवला तर चालेल का, म्हणजे शेवटच्या तासात मला कोशिंबीर आणि सोलकढीकडे पाहता येईल?

भीमाकाठ

भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पाहुणे दारात आले की तवा मंद आचेवर तापवून एकेक भाकरी दोन्ही बाजूंनी मिनिटभर शेकावी. सादळलेली भाकरी पुन्हा खणखणीत होते. ती गरम असतानाच झाकू नये, नाहीतर वाफेने परत मऊ पडते. सुपात किंवा टोपलीत मोकळी पसरून ठेवावी.

रश्श्याचे वाटण आणि परतलेला मसाला दुपारी तयार ठेवायला हरकत नाही, पण खेकडे स्वच्छ करणे आणि शिजवणे जेवणाच्या आधीच्या तासाभरातच व्हावे. रात्रभर ते भोके पाडलेल्या झाकणाखाली, ओल्या गोणपाटात, गार जागी ठेवावेत आणि सकाळी पाहून जो मेलेला असेल तो टाकून द्यावा. तो लवकर बिघडतो. पायांचा गाळलेला रस रश्श्यात ओतल्यावर तो वर येऊन दाट, फेसाळ साय धरतो, तेव्हा आच कमी करून पळीने सावकाश हलवत राहावे, म्हणजे त्याच्या गाठी होत नाहीत. त्यानंतर मात्र रस्सा चांगला खळखळून उकळू द्यावा आणि खेकडे आतपर्यंत शिजल्याची खात्री करावी, कारण गोड्या पाण्यातला खेकडा अर्धाकच्चा राहिला तर त्यातून फुप्फुसात जाणारे कृमी शरीरात शिरू शकतात. कवच काळ्याचे तांबूस झाले म्हणजे शिजले असे समजू नये. रंग आधी बदलतो आणि आतला गर मागाहून शिजतो. जाड नांगी फोडून पाहावी, गर पांढरा आणि घट्ट दिसला की भांडे उतरवावे. आपण या कामात असताना काकडी चिरणे आणि नारळाचे दूध काढणे लेकीकडे सोपवावे, म्हणजे शेवटच्या तासाची ओढाताण होणार नाही.