माळ्यावरची पेटी: बाहेरून परत आल्यावर तुमच्या खेळण्यांचं काय निघालं?

शुक्रवार पेठ, सातारा

वीस वर्षं जर्मनीत काढून मागच्या उन्हाळ्यात मी कायमचा घरी आलो. पावसाआधी माळा आवरून घ्यावा म्हणून शिडी लावली, तर मागच्या कोपऱ्यात माझी पत्र्याची ट्रंक सापडली. आत जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या ४३ गाड्या आणि वर माझी वही. गाडीचा रंग, कधी घेतली, कोणी दिली, सगळं त्यात लिहिलेलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: या तळहातावर मावणाऱ्या धातूच्या गाड्या, साधारण १:६४ मापाच्या. मॅचबॉक्स इंग्लंडमधल्या लेस्नी कंपनीनं १९५३ मध्ये आणली, हॉट व्हील्स अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीनं १९६८ मध्ये. पुढे १९९७ मध्ये मॅचबॉक्सही मॅटेलकडेच गेली. आमच्या लहानपणी इथे मिळायच्या त्या लिओ कंपनीच्या, भारतात बनलेल्या हॉट व्हील्स. गाडी हातात आली की आधी उलटी करायची आणि बुडावरची अक्षरं वाचायची, ही सवय तेव्हापासूनची. जर्मनीत रविवारच्या जुन्या बाजारात मी तेच करायचो. उचलायची, उलटी करायची, ‘मेड इन इंग्लंड’ वाचायचं आणि परत ठेवायची. भाड्याच्या घरात वस्तू किती वाढवणार, आणि घेऊन दाखवणार कोणाला? वीस वर्षांत एकही घेतली नाही.

ट्रंकेतल्या गाड्यांचा रंग शाबूत आहे. चाकांचे आस थोडे गंजलेत, ते होणारच. पण जवळजवळ सगळ्यांच्या काचा धुरकट झाल्यात, काही तर सुरकुतल्यात. कारण कळलं तेव्हा पोटात कालवलं. आई दर दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक उघडून, कसर लागू नये म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकायची. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेनं काचांचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक मऊ पडतं. वीस दिवाळ्या तिनं न चुकता हे केलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून विचारतोय. सातारा-सांगलीकडचे जे बरीच वर्षं बाहेर राहून आलात आणि खेळणी जमवायचा नाद पुन्हा धरलात, त्यांनी सविस्तर लिहा. काय निघालं, काय गेलं होतं, सुरुवात कुठून केलीत. खेळणं कुठलंही असो.

विश्रामबाग, सांगली

दादा, गोळ्या आजच काढा. गाड्या आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. काचा नुसत्या धुरकट असतील तर टूथपेस्टचा ठिपका मऊ कापडावर घेऊन हलक्या हातानं घासा, बराच फरक पडतो. सुरकुतलेल्या मात्र परत येत नाहीत.

माझा नाद जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यातल्या सैनिकांचा, पावणेचार इंची. फनस्कूल कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली आणि हे सैनिक इथेच बनायला लागले. मी सोळा वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे जुन्या खेळण्यांच्या एका प्रदर्शनात टेबलावर फनस्कूलचा एक सैनिक दिसला, विकताना असतो तसा पुठ्ठ्यावरच, न फोडलेला. मांडून बसलेले गृहस्थ गिऱ्हाइकाला समजावत होते की भारतात बनलेल्या कित्येक सैनिकांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे असतात, म्हणून जमवणारे ते शोधत फिरतात. मी म्हटलं, हाच मला पाचवीत वाढदिवसाला मिळाला होता. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि तासभर मला विचारत राहिले. दुकानात कसे टांगलेले असायचे, मुलं कुठे खेळायची, पुठ्ठा ठेवायचात की फाडून टाकायचात. सांगलीच्या एका बोळातल्या खेळाबद्दल इतक्या आस्थेनं मला कोणी कधीच विचारलं नव्हतं. विकत काही घेतलं नाही. घरी येऊन भावाला फोन केला, माझा बिस्किटांचा डबा फेकू नकोस.

डबा उघडला तेव्हा २३ सैनिक कंबरेतून तुटून पडलेले. हे वाचणाऱ्या कोणाचे तसे असतील तर टाकू नका, ते मोडलेले नसतात. धडाच्या आत एक काळी रबरी ओ-रिंग असते, पायांमधला धातूचा आकडा तिला अडकवलेला असतो. वर्षांनी रबर कडक होऊन तुटतं, एवढंच. पाठीवरचा एक स्क्रू काढला की धडाचे दोन भाग सुटे होतात. एक सैनिक खिशात घालून मी पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर रिंगा मांडल्या, एकेक लावून पाहिली, चौथी बसली. त्यानं सैनिक उभा करून पाहिला आणि त्या रिंगेचे पैसे घेतले नाहीत. मी अख्खं पाकीट घेतलं. स्क्रू आवळताना जोर लावू नका, पाठ चिरते. माझे १९ उभे आहेत. बाकीच्या चौघांचे अंगठे तुटलेत, बंदूक धरता येत नाही. जी. आय. जोचे अंगठे हे जमवणाऱ्या सगळ्यांचंच दुखणं.

गावभाग, सांगली

मी बावीस वर्षं मस्कतला. माझी आजीची पितळी भातुकली. बंब, जातं, उखळ, सोऱ्या, झारा, सांडशी, मोदकपात्र, करंगळीएवढी पळी. लग्नानंतर न्यायची म्हणत राहिले आणि दर वेळी सामानाचं वजन भरलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं. देवघराखालच्या फडताळात ती होती. पाणी उतरल्यावर भावानं फोटो पाठवले, त्यात रस्त्यावर घातलेला सगळा संसार. त्या ढिगात मी मोबाइलवर बोटांनी मोठं करकरून बंब शोधत होते आणि कोणाला विचारायची लाज वाटत होती. लोकांची घरं गेली होती, मी कुठे भातुकली विचारू?

२०२२ मध्ये परत आले तेव्हा वहिनीनं गोणपाटात बांधलेलं गाठोडं पुढ्यात ठेवलं. तिनं एकेक भांडं गाळातून उचललं होतं. पितळ टिकलं. लाकडी ठकी, म्हणजे बाहुली, मात्र फुगून उभी चिरली होती आणि पोपडे निघाले होते. ती मी तशीच देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे.

बंबाच्या नळीतला वाळलेला गाळ काढायला मला तीन दुपारी लागल्या. भिजत घालायचं, खराट्याची काडी फिरवायची, परत भिजत घालायचं. मग चिंच-मीठ. आजी या भांड्यांत खरा भात करू द्यायची, म्हणून आतून कल्हई होती, ती उडालेली. मिरजेत एक कल्हईवाले चाचा सापडले. भांडं तापवलं, नवसागर टाकला, धूर उठला, कथिल लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. वाटीएवढ्या पातेल्यात बोळा जाईना, तेव्हा काडीला कापूस गुंडाळला. चांदीसारखं चमकलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, ‘ताई, असलं काम फार दिवसांनी.’

आता मी मोडवाल्यांकडे चकरा मारते. लोक आज्यांची भातुकली किलोवर मोडीत घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या महिन्यात एक विळी मिळाली, नारळ खवायच्या चांदणीसकट. तुमच्या घरी असेल तर मोडीत घालण्याआधी एकदा घरातल्या मुलींना विचारा.

कराड

नाद माझ्या मुलीचा, मी सांभाळणारा. आपल्याकडे पोळ्याआधी, आषाढात बेंदूर येतो. कुंभारवाड्यातून मातीच्या बैलांची जोडी आणायची, पूजा करायची. ती लहानपणापासून प्रत्येक वर्षीची जोडी ठेवायची. चौदा वर्षं इंग्लंडला होती. मी दर बेंदराला जोडी आणत राहिलो आणि त्याच दिवसाच्या वर्तमानपत्रात गुंडाळत राहिलो, म्हणजे वेगळं वर्ष लिहायला नको. लॉकडाऊनच्या वर्षी बाजार भरला नाही. मग शेतातली माती आणून मीच केली. शिंगं जमेनात, बाभळीचे काटे लावले.

ती आली त्या रात्री चौदाच्या चौदा पुड्या सोडल्या. काट्यांची जोडी तिनं सगळ्यांत पुढे मांडली.

कच्च्या मातीच्या खेळण्याला पाणी लावू नका. रंगाच्या कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडायची.

शाहूपुरी, सातारा

थोडक्यात माझं. दुबईत अकरा वर्षं. दिवाळीचा किल्ला गॅलरीत खोक्यांचा करायचो, पण वर मावळे साताऱ्याचेच, हातातल्या बॅगेत कापसात गुंडाळून नेलेले. परत आल्यावर बाजारात बघतो तर प्लास्टरची नाहीतर प्लास्टिकची चित्रं जास्त, सगळ्यांचे चेहरे एकसारखे. मातीच्या मावळ्याचे डोळे माणूस कुंचल्यानं काढतो, त्यामुळे एखादा रागावलेला, एखादा झोपाळू. मी आता फक्त मातीचीच घेतो, दर दिवाळीला सहा. अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो, त्याच्याकडे बघत अंगणात किल्ला करायचा आणि उतारावर हळीव पेरायचे, यासाठी मी अकरा वर्षं झुरलो आहे.

पलूस (सध्या बाहेर)

मी ऑक्टोबरमध्ये येतोय. काही गाड्या राहून गेल्यात, त्या परत आल्यावर ऑनलाइन मागवल्या तर?

विश्रामबाग, सांगली

त्यापेक्षा येण्याआधी तिथेच जवळपास मिळतील त्या हातात पाहून घ्या. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून इथे विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाहेरची वस्तू मागवताना तेव्हाचे नियम तपासून मगच पैसे भरा. आणि दादा, आधी घरचा माळा बघा. मी आल्या आल्या हौसेनं सहा सैनिक विकत घेतले, डबा उघडला तर त्यातले दोन माझ्याकडे होतेच.

शुक्रवार पेठ, सातारा

कराडच्या काकांचं वाचून उठलो आणि आईला सांगितलं. वाईट वाटेल म्हणून इतके दिवस टाळलं होतं. तिला वाटलंच. चष्मा लावून एकेक गाडी खिडकीपाशी धरून बघत बसली, म्हणाली, ‘मी आपली कपड्यांसारखी जपत होते.’ मग तिनं वही मागितली. १९९१ ची एक लाल गाडी, त्यापुढे मी ‘आईनं, आजारपणात’ एवढंच लिहिलंय. गोवराचा ताप होता, ती मोती चौकातून घेऊन आली होती, हे तिनंच आठवून सांगितलं. मला गाडी आठवत होती, ताप नाही.

टूथपेस्टनं ११ गाड्यांच्या काचा निवळल्या. आसांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला, चाकं फिरायला लागली. काल ट्रंक पुन्हा भरताना आईनं विचारलं, गोळ्या नाहीत तर मग काय घालायचं. म्हटलं, काहीच नको. तिला पटलं नाही. वेखंडाची पुरचुंडी बांधून आणली आणि स्वतःच्या हातानं कोपऱ्यात ठेवली.