तामान नेगारा: गाइडशिवाय कुठवर?

मलेशियातल्या तामान नेगारा या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात एकट्याने, गाइड न घेता पायी फिरता येईल का, असं कुणी विचारलं की बहुतेक जण "सरळ टूर घ्या" म्हणतात. मला ते पटत नाही. गुनुंग ताहानचा डोंगर (२१८७ मीटर) चढायचा तर गाइड सक्तीचा आहे, तिथे वाद नाही. पण उद्यानाच्या प्रवेशाजवळच्या क्वाला ताहान गावाच्या आसपासच्या वाटांवर खुणा आहेत. गावातून होडीने नदी ओलांडायची, उद्यानाच्या ऑफिसात परमिट काढायचं आणि चालू लागायचं. बुकित तेरेसेकची टेकडी सकाळच्या वेळात आरामात होते.

वेळ असेल तर बुंबून कुंबांग या प्राणी बघायच्या मचाणावर एक मुक्काम कराच. उंच खांबांवरची खोली, गादीशिवायचे बंक, आणि समोर खारट माती चाटायला जनावरं येतात ती मोकळी जागा. आधी बुकिंग लागतं. क्वाला ताहानपासून अंतर साधारण ११ किलोमीटर, पण त्या आकड्यावर जाऊ नका. मुळं, चिखल, ओढे पार करता करता पाच-सहा तास जातात. घाम वाळतच नाही, त्यामुळे पाणी आपल्या ट्रेकपेक्षा जास्त लागतं. पँट मोज्यात खोचा. जळवा पावसाळी सह्याद्रीसारख्याच, बुटाच्या लेसच्या भोकांतूनही आत शिरतात. झाडीखाली सूर्यास्ताआधीच अंधारतं, म्हणून सकाळी लवकर निघा.

नोव्हेंबर ते जानेवारी टाळा, तेव्हा तिथला मुख्य पावसाळा असतो. आणि वाटेत बातेक या तिथल्या आदिवासी लोकांची वस्ती लागली तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका, ते त्यांचं राहतं घर आहे.