अपघात, पंचनामा आणि चूक कुणाची : तुमचे अनुभव लिहा

उजळाईवाडीकर :
काल रात्री गगनबावडा रोडला पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, एकीलाही रिफ्लेक्टर नाही. ब्रेक दाबला आणि पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावाची मोटरसायकल अशाच उभ्या ट्रॉलीवर गेलती. मांडीचं हाड मोडलं. आम्ही सगळे दवाखान्यात, पंचनाम्याला घरचं कुणीच नाही. कागदावर आलं 'दुचाकीस्वाराने भरधाव वेगाने, हयगयीने मागून धडक दिली'. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच होती, दिवा नाही, मागं दगडसुद्धा ठेवला नव्हता, ह्यातलं एक अक्षर नाही. पोलीस जबाबाला आले तेव्हा भाऊ गुंगीत, विचारतील त्याला हो हो म्हणत गेला. गुन्हा त्याच्यावरच. तुमच्याकडं काय झालं ते लिहा.

मिसळ_कटवाला :
उभ्या गाडीला मागून बसलं की मागच्याचीच चूक धरतात ओ. भाऊ आता बरा हाय का?

उजळाईवाडीकर :
बरा आहे, पण उकिडवं बसता येत नाही. वकिलांनी दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो लावला भरपाईच्या क्लेममध्ये, त्यात ट्रॉली निम्म्या डांबरावर दिसत होती. त्यावर चूक निम्मी निम्मी धरली, भरपाईपण निम्मीच.

राजारामपुरीची_सून :
आमच्या ह्यांना टेम्पोनं उडवलं तेव्हा दीर ह्यांना घेऊन गेले आणि मी जागेवरच थांबलो. हवालदार टेपनं मोजत होते. मी मोबाईलवर सगळं काढलं, काचा कुठं पडल्यात, ब्रेकचे काळे पट्टे, ह्यांची एक चप्पल पार दुभाजकापाशी होती ती पण. नकाशात आमची गाडी उलट्या बाजूला आलती, फोटो दाखवला तर लगेच दुरुस्त केलं त्यांनी. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहितो.

कोर्टातला_माणूस :
१ जुलै २०२४ पासून कलमं बदललीत. बेदरकार गाडी चालवल्याचं जुन्या दंड संहितेतलं २७९ आता भारतीय न्याय संहितेत २८१, दुखापतीला १२५, मृत्यू झाला तर १०६(१). तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. सही असते फिर्यादीवर, आणि पंचनाम्यावर पंचांची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. आणि फौजदारीत समोरचा सुटला म्हणून क्लेम बुडत नाही, दोन्ही वेगळं चालतं.

करवीरचा_शेतकरी :
ट्रॅक्टरवाल्यांना सरसकट बोलू नका. रिफ्लेक्टर असतोय, पण फडातनं ट्रॉली बाहेर निघाली की चिखलानं झाकून जातोय. मी रोज फडक्यानं पुसतो. सगळे पुसत नाहीत हे पण खरं.

शिये_फाटा :
माझ्यासमोर एक पोरगं पडलं, पन्नास माणसं गोळा, हात कुणी लावंना, केस मागं लागेल म्हणून. रिक्षात घातलं आणि सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी हॉस्पिटल गाठलं. मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत १३४अ कलम आलंय. त्याची आई अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवती.

राजारामपुरीची_सून :
डोळ्यात पाणी आलं दादा. उजळाईवाडीकर, भावाला खुर्चीत बसून करायचे व्यायाम द्या, आमच्या आत्तींना लई फरक पडला.

पन्हाळा_रोड :
माझ्या मामाला परवा कारनं ठोकलं. उद्या फिर्याद द्यायला जायचंय आणि चष्मा फुटलाय त्याचा. काय करू?

उजळाईवाडीकर :
तुम्ही बरोबर जावा. टाईप झालं की त्याच्या कानाशी सगळं मोठ्यानं वाचा, कार कुठल्या बाजूनं आली ते दोनदा. मग सही.

पन्हाळा_रोड :
सकाळची सुट्टी टाकली.