नेम, जप, उपासना, अनुसंधान : कुठला शब्द कुठे?

विचारणा

माझ्या सासूबाईंनी गोंदवल्याला अनुग्रह घेतला आहे. सकाळी माळ गोमुखीत ठेवली की त्या म्हणतात, "माझा नेम झाला गं. आता दिवसभर अनुसंधान तेवढं सुटायला नको." माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. तिथे अनुसंधान म्हणजे प्रयोगशाळेतलं, विद्यापीठातलं काम. मराठीत या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणखी एक. नेम, जप, उपासना, नामस्मरण हे शब्द त्या एकमेकांच्या जागी कधीच वापरत नाहीत. माझ्या वयाचे आम्ही सगळे मात्र सरसकट 'साधना' म्हणतो. खरंच इतका फरक आहे का?

प्रतिसाद १

फरक आहे, आणि तुमच्या सासूबाईंच्या एका वाक्यात तो पुरता आला आहे.

आधी हिंदीचा गुंता सोडवू. हिंदीत ज्याला अनुसंधान म्हणतात त्याला मराठीत संशोधन म्हणतात. इस्रो हिंदीत 'अंतरिक्ष अनुसंधान संगठन' आहे आणि मराठीत 'अंतराळ संशोधन संस्था'. उलट हिंदीत 'संविधान संशोधन' म्हटलं की मराठी माणसाने घटनादुरुस्ती समजायची. शब्द दोन्हीकडे तेच, पण घरं बदललेली.

मूळ संस्कृतात अनु + सम् + धा. 'संधा' म्हणजे जोडणं, सांधणं. 'अनु' म्हणजे मागोमाग, धरून. एखाद्या गोष्टीशी मन जोडून तिचा धागा धरून राहणं, हा गाभा. संशोधक विषयाचा धागा धरून पुढे जातो, म्हणून हिंदीतला अर्थ. भक्त देवाशी जोडलेला धागा तुटू देत नाही, म्हणून मराठी संतपरंपरेतला अर्थ. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या (१८४५–१९१३) शिकवणीत तर नाम आणि अनुसंधान हे दोन शब्द सतत जोडीने येतात, त्यामुळे त्या परंपरेतल्या घरांमध्ये हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला आहे.

अर्थ कळायला क्रियापदं बघावीत. नेम करतात, नेम होतो, चुकतो, मोडतो. अनुसंधान ठेवतात, ते राहतं, सुटतं, तुटतं. 'माझा नेम झाला' म्हणता येतं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट आहे. 'माझं अनुसंधान झालं' असं सासूबाई कधीच म्हणणार नाहीत. ते होऊन संपणारं काम नाही, बाकीची कामं चालू असताना आत चालू राहणारी गोष्ट आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात 'मामनुस्मर युध्य च' आहे. माझं स्मरण ठेव आणि लढ. तिथेही 'अनु' आहे, आणि लढाई थांबवायला सांगितलेलं नाही.

हा शब्द न वापरता त्याचा अर्थ सर्वांत सुंदर सांगितला आहे तो नामदेवांनी. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यांतल्या एका पदात ते संत त्रिलोचनांना एकामागून एक चित्रं दाखवतात. पोरगा कागदाचा पतंग उडवतो, पाच जणांशी बोलतो, पण चित्त दोरीत. बायका पाणी भरून येतात, हसतात, थट्टा करतात, पण चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई घरात-बाहेर कामं उपसते, चित्त पाळण्यातल्या बाळात. यांतला एकही जण हातातलं काम सोडून बसलेला नाही. मला तर वाटतं, रोजच्या धबडग्यात भक्ती कशी करायची या प्रश्नाचं उत्तर त्या पदात जितकं स्वच्छ आहे तितकं क्वचितच कुठे सापडेल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून नेमाबद्दल.

नेम हा 'नियम'चा मराठी संसारात रुळलेला अवतार. नित्यनेम, नेमधर्म, नेमस्त, नेमाने येणं. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय यांच्या बरोबरीने ईश्वरप्रणिधान आहे, म्हणजे देवाशी नातं मुळातच नियमांच्या यादीत आहे. 'त्याचा काही नेम नाही' म्हणतो तेव्हा हाच शब्द 'भरवसा' या अर्थाने येतो. देवापुढे नेम धरणं म्हणजे स्वतःचा भरवसा देणं, असं मी समजतो.

म्हणूनच नेम लहान असला तरी चालतो. एक माळ, मनाचे चार श्लोक, संध्याकाळचा दिवा आणि हरिपाठातला एक अभंग, यांतलं काहीही नेम होऊ शकतं. मोठा संकल्प करून पंधरा दिवसांत थकणाऱ्यांना आमच्या घरातली वडीलधारी मंडळी एकच सांगत : नेम झेपेल एवढाच घे, पण घेतलास तर मोडू नको.

प्रतिसाद ३

'साधना' शब्दावर इथे अन्याय होतो आहे. साध् म्हणजे सिद्धीस नेणं. साधन, साधक, साध्य, सगळे याच कुळातले. ज्याला काही साध्य करायचं आहे त्याच्या प्रयत्नाला साधना म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. स्वरसाधना, मंत्रसाधना, योगसाधना असे शब्द उगाच झाले नाहीत. देवाच्या बाबतीतही माणूस काही मिळवायला निघालेला असतोच की, निदान चित्ताची शांती तरी.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

साधना चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. तिची जागा वेगळी आहे, एवढंच. साधना म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : कशासाठी? उपासना म्हटलं की प्रश्न येतो : कोणाची? उप + आस्, जवळ बसणं. दत्ताची उपासना, देवीची उपासना. तिथे मिळकतीआधी सोबत येते. (कलेची किंवा ज्ञानाची उपासना म्हणतो तेव्हा आपण त्या गोष्टीला देवाच्या जागी बसवलेलं असतं, हेही लक्षात घ्यावं.) उपवासाची गोष्ट अशीच. तो उप + वस्, जवळ राहणं. उपास आणि उपासना यांचे धातू वेगळे, पण 'उप' एकच. उपासाच्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही यावर जितकं बोललं जातं, त्याच्या निम्म्याने तरी या 'जवळ राहण्या'वर बोललं जावं.

आता सरसकट 'साधना' का खटकते ते सांगतो. 'मला साधनेला वेळच मिळत नाही' हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकतो, विशेषतः घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बायकांकडून. साधना म्हटलं की वेगळी खोली, आसन, मिटलेले डोळे डोळ्यांपुढे येतात. ते जमत नाही म्हणून माणूस स्वतःला देवापासून लांब समजू लागतो. जनाबाई मात्र 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता' म्हणतात. दळण संपल्यावर नव्हे, दळता दळता. सावता माळ्यांना मळ्यातच विठाई दिसली. ज्याला आपण वेळ नसणं म्हणतो, तोच यांचा देवाचा वेळ होता. म्हणून रोजच्या जगण्यातल्या भक्तीसाठी मी 'अनुसंधान' हाच शब्द निवडीन.

विचारणाऱ्याकडून

हे वाचून फार बरं वाटलं. आता एक व्यवहारातला प्रश्न. मी पोळ्या लाटताना मनात 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणत असते. याला जप म्हणायचं की नामस्मरण? सासूबाई म्हणतात, "तो जप नव्हे."

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

त्यांचं बरोबर आहे, आणि त्यात तुमच्या नामाला उणेपणा मुळीच नाही. त्या शब्द नेमका वापरत आहेत.

रूढ अर्थाने जपाला मंत्र, संख्या आणि रीत असते. १०८ मण्यांची माळ, मधल्या बोटावर धरलेली, तर्जनी न लावता अंगठ्याने एकेक मणी ओढायचा. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मुख्य मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट दिशेने परत निघायचं. पहिल्या काही दिवसांत बोटं अडखळतात, मणी निसटतो, मग हाताला ती चाल बसते. शास्त्राने जपाचे प्रकारही सांगितले आहेत : मोठ्याने तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशू, आणि नुसता मनात तो मानस. मनुस्मृतीत हे चढत्या क्रमाने श्रेष्ठ मानले आहेत. तुम्ही लाटताना म्हणता तो त्रयोदशाक्षरी मंत्रच आहे, आणि तोही मनात. पण मोजणी नाही, आसन नाही, म्हणून सासूबाई त्याला स्मरण म्हणत असणार. मोजणीचा आग्रह सगळीकडे आहे असंही नाही. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात ज्ञानदेव 'पुण्याची गणना कोण करी' असं विचारतात.

स्मरण आणि आठवण यांतही फरक ठेवावा. आठवण येते, स्मरण करावं लागतं. संकटात देवाची आठवण कोणालाही येते. नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तनानंतर तिसरं स्थान आहे ते स्मरणाला, कारण ते ठरवून, सुखातसुद्धा करायचं असतं. समर्थांनी दासबोधात 'अखंड नाम जपत जावें' म्हटलं आहे. तिथे जपणं म्हणजे मोजणं नव्हे, धरून ठेवणं. मराठीत मंत्र जपतात आणि नातीही जपतात.

प्रतिसाद ४

छान चर्चा. एक छोटी भर. 'नामस्मरण करते' हे लेखी वळणाचं आहे. घरात बोलताना 'नाम घेते' म्हणतात, 'दोन मिनिटं नाम घेऊ दे' वगैरे. 'नाव' आणि 'नाम' मुळात एकच शब्द, पण वापरात मराठीने त्यांना वेगवेगळं बसवलं. लग्नात, डोहाळजेवणात बायका उखाण्यात नवऱ्याचं 'नाव घेतात'. देवाचं 'नाम' घेतात. अगदी जवळिकीच्या बोलण्यात मात्र 'देवाचं नाव घे आणि झोप' असंच येतं, आणि तिथे 'नाम' घातलं तर वाक्य परकं वाटतं. तेव्हा लिहिताना दोन्ही चालतील. कोण कोणाला सांगतंय त्यावर निवडा.