रेटिंग वाचवायला बरोबरी घेणारा नऊ वर्षांचा मुलगा: लहान मुलांना बुद्धिबळाच्या रेटेड स्पर्धेत उतरवावं का?

शाळेतला पट

मी शाळेत बुद्धिबळ शिकवतो. गेल्या महिन्यात शाळेतली चार मुलं घेऊन एका रेटेड स्पर्धेला, म्हणजे जिथल्या निकालावर खेळाडूचं रेटिंग (त्याच्या ताकदीचा आकडा) वर-खाली होतं अशा स्पर्धेला गेलो होतो. त्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचा डाव अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, समोरच्याकडे नुसता हत्ती. प्यादं सातव्या ओळीत, त्याच्यापुढे आठव्या ओळीत त्याचाच राजा. ही जिंकलेली स्थिती. हत्ती चौथ्या ओळीत आणायचा, राजा बाहेर काढायचा आणि मागून शह यायला लागले की त्याच हत्तीने पूल बांधायचा, म्हणजे शह अडवायला तो मध्ये घालायचा. जूनमध्ये वर्गात आम्ही ती पटावर मांडून सहा वेळा खेळलो होतो. आणि या पोराने बरोबरी मागितली. समोरच्याने लगेच हात पुढे केला.

बाहेर आल्यावर विचारलं, "का रे?" म्हणाला, "सर, हरलो असतो तर मी अनरेटेड झालो असतो."

त्याचं रेटिंग १४१२. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली. त्याखाली घसरलं की नाव यादीतून जातं. शिवाय अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना रेटिंग २३०० होईपर्यंत गुणक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० लागतो. म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याकडून हरलं की एका डावात २० गुण गेले. सुधारणारं मूल लवकर वर यावं म्हणून हा मोठा गुणक ठेवलाय, हेतू चांगलाच आहे. पण चौथीतलं पोर हे गणित तोंडी करतं आणि पूल बांधायचं विसरतं, तेव्हा मला वाटतं आपण शिकवणारे चुकलो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मूल स्वतःचा डाव शेवटपर्यंत नीट लिहू शकत नाही, हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता पुन्हा मांडून "इथे चुकलो" असं बोट ठेवू शकत नाही, राजा आणि एका प्याद्याचा शेवट जिंकू शकत नाही, तोवर त्याला रेटेड स्पर्धेत उतरवू नये. तोवर शाळांचे चार-चार पटांचे सांघिक सामने खेळवावेत, वर्गातली साखळी स्पर्धा घ्यावी. दहाव्या वर्षापर्यंत थांबलं तर काहीही बिघडत नाही. विरोधी मतं जरूर मांडा, मला ती ऐकायची आहेत.

नागपूरची आई

सर, त्या मुलाचं वाईट वाटलं. पण दुखणं एक आणि औषध दुसरंच, असं झालंय.

आमच्या गावची दिव्या देशमुख २०१२ साली सात वर्षांखालच्या गटात राष्ट्रीय विजेती झाली. २०१४ मध्ये दहा वर्षांखालच्या गटात जगज्जेती, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक. त्या निकालाने ती थेट भारताची ८८ वी ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब) झाली. तिच्या घरच्यांनी दहाव्या वर्षापर्यंत वाट पाहिली असती तर? वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर आधी जिल्हा, मग राज्य निवड. तिथे मुलाला "तू अजून लहान आहेस" म्हणून कोणी जागा राखून ठेवत नाही.

दुसरं. तुम्ही ज्या बिगररेटिंग एकदिवसीय स्पर्धांकडे मुलांना पाठवाल, तिथे दहा-पंधरा मिनिटांचे डाव असतात. माझी मुलगी दोन वर्षं तेच खेळली. हात घड्याळावर, डोळे घड्याळावर, पटावर कोणीच नाही. तिला बसायला शिकवलं ते ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंदांच्या स्पर्धेने. पहिल्या फेरीत ती वीस मिनिटांत वजीर घालवून बाहेर आली. शेवटच्या फेरीत अडीच तास बसली. हरलीच, पण अडीच तास बसली. हे तुमच्या वर्गातल्या साखळी स्पर्धेत घडेल का?

सोळाव्या वर्षी सोडलं

मी तो मुलगा आहे, फक्त वीस वर्षांनी मोठा.

माझ्या प्रशिक्षकांनी मला पहिल्या बारा चाली पाठ करून दिल्या होत्या. समोरच्याने वेगळं काही खेळलं की मी उघडा पडायचो. सापळे शिकवले होते भरपूर, चार चालींत मात कशी करायची तेही. दहाव्या वर्षी मी जिल्ह्यात पहिला होतो. चौदाव्या वर्षी ज्यांना मी सहज हरवायचो ती मुलं माझ्याशी शांतपणे वजीर-वजीर मारामारी करायची आणि शेवटच्या प्याद्यांत मला गुंडाळायची. दहावीचं निमित्त झालं आणि मी पट कपाटात ठेवला. घरच्यांनी सगळ्यांना अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं कारण हे होतं की मला हरलेला डाव बघायला कोणी शिकवलंच नाही, मी फक्त हरत होतो.

म्हणून सर, तुमच्या तीन अटी मला शंभर टक्के मान्य. पण दोष रेटिंगचा नाही. माझ्या वेळी लहान मुलांपैकी फार थोड्यांना रेटिंग होतं, तरी मी असाच घडलो. दोष क्लासचा होता. क्लासला ट्रॉफीचा फोटो हवा असतो आणि तो सापळ्यांनी लवकर मिळतो.

पंच

पंधरा वर्षं पंच म्हणून उभा आहे, म्हणून हॉलच्या आतलं सांगतो.

सात-आठ वर्षांच्या गटात वाद कशावरून होतात? हात लावला की नाही लावला. राजाला शह आहे हे न बघता दुसरीच चाल केली आणि घड्याळ दाबलं. पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्या बेकायदा चालीला डाव गेला. हे मुलाला आधी माहीत नसतं. मी टेबलापाशी जातो, तोंडाने सांगतो, त्याला त्यातलं निम्मं कळतं, कारण ते घाबरलेलं असतं. डाव लिहिताना घोड्याच्या जागी उंट लिहिलेला असतो, पंधराव्या चालीनंतर कागद कोराच. मग तीच स्थिती तीनदा आली म्हणून बरोबरी मागितली तर मी तपासायचं कशावरून? शाळेतल्या सरांची डाव लिहिण्याची अट मला पटते ती यासाठी. मुलाचा हक्क त्या कागदावर असतो.

पण एक गोष्ट रोज बघतो. हरलेलं मूल आधी स्वच्छतागृहात जातं, तोंड धुतं, बाहीने पुसतं आणि मगच फाटकाकडे वडील उभे असतात तिकडे जातं. आठ वर्षांची मुलं हे करतात. यात रेटेड-अनरेटेड काही फरक नाही. बिनरेटिंगच्या स्पर्धेतही हेच पाहिलंय.

वस्तीशाळेतली बाई

वरची चर्चा वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. "थांबा" हा सल्ला ज्यांना जाणं परवडतं त्यांच्यासाठी आहे. आमच्या मुलांना रेटेड स्पर्धा म्हणजे प्रवेश शुल्क, दोन दिवसांचा मुक्काम, सोबत एक मोठं माणूस आणि त्याची बुडालेली मजुरी.

आमच्याकडे आहे ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची शालेय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. त्यातून दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळू शकते, म्हणून आठवीनंतर पालक एकदम जागे होतात. पण नऊ वर्षांच्या मुलाला तिथेही चौदा वर्षांच्यासमोर बसावं लागतं. माझ्याकडे कापडी पट सोळा आहेत, घड्याळं तीन. सोळा पटांवर मुलं रोज मधल्या सुट्टीत खेळतात आणि मी सांगते, सर, त्यांच्या डावांचे शेवट चांगले असतात. कारण त्यांच्याकडे पाठ करायला काही नाही, सगळे मोहरे मारून झाल्यावर राजा-प्यादी उरतात आणि तिथेच खरी कुस्ती होते.

मुलींचं वेगळं आहे. सातवीपर्यंत वर्गात मुली मुलांना हरवतात. मग स्पर्धा संध्याकाळी उशिरा संपते, परतीची एसटी नसते, "कोण जाणार सोबत" असा प्रश्न येतो आणि मुलगी घरी राहते. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीतच नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, तिथे गावातल्या गावात पट मांडलेला होता. माझ्या मुलींना रेटिंगपेक्षा तसं चालत जाता येईल असं एक ठिकाण हवंय. नागपूरच्या ताई, तुमच्या मुलीच्या अडीच तासांचं मला कौतुक आहे, मनापासून. पण माझ्या मुलींना ते अडीच तास कोण देणार, ते तुम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही.

चेन्नईतला कोल्हापूरकर

इथे कामानिमित्त नऊ वर्षं आहे. मुलगा इथेच खेळतो. महाराष्ट्रातले पालक मला फोन करून विचारतात, "गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली ना, मग आम्हीही सोडवू का?" त्याच गुकेशची दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही. त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी तो ग्रँडमास्टर होईपर्यंत त्याला इंजिनपासून लांब ठेवलं. बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला मुलगा तोवर डोक्यानेच चाली मोजत होता. आपल्याकडे आठ वर्षांचं पोर डाव संपताच आईच्या मोबाइलवर चाली टाकतं, लाल खूण दिसली की "इथे ब्लंडर" म्हणतं आणि आइस्क्रीम खायला जातं. लाल का, ते कळलेलं नसतं.

तेव्हा शाळेतल्या सरांची दुसरी अट सगळ्यात मोठी. वयाची अट मात्र मला अजिबात मान्य नाही. गुकेश बारा वर्षांचा होईपर्यंत अखंड स्पर्धा खेळत होता, घरात बसून तो ग्रँडमास्टर झाला नाही. भक्कम खेळाडूंशी लांब डाव खेळल्याशिवाय मूल तयार होत नाही, आणि भक्कम खेळाडू आज रेटेड स्पर्धेतच भेटतात.

शाळेतला पट

सगळं दोनदा वाचलं. वयाची अट मी मागे घेतो. ती मी त्या मुलाच्या रागात लिहिली होती, आणि राग त्याच्यावर नव्हता.

नागपूरच्या ताई, बसायला शिकणं हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. माझ्या वर्गातले डाव वीस मिनिटांचे असतात, कारण शाळेची घंटा वाजते. दोन शनिवार सोडून तिसऱ्या शनिवारी एकच लांब डाव, दोघांना साठ-साठ मिनिटं, लिहून, असं आता सुरू करतोय. वस्तीशाळेतल्या बाई, माझ्याकडे घड्याळं बावीस आहेत आणि एका वेळी दहाच्या वर लागत नाहीत. उरलेली तुमच्याकडे पाठवायची सोय करतो, आणि खरंच. मुलींच्या परतीच्या गाडीचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आमच्या तालुक्यातल्या स्पर्धेची शेवटची फेरी चारच्या आत संपवण्यासाठी मी आयोजकांशी भांडेन. सात फेऱ्यांऐवजी सहा खेळवल्या तर ते जमतं, मी हिशोब करून पाहिलाय.

एका गोष्टीवर मी हटत नाही. वय काहीही असो, डाव लिहिता आला पाहिजे आणि हरलेला डाव स्वतः मांडता आला पाहिजे. तेवढं नसेल तर मी स्पर्धेच्या अर्जावर सही करणार नाही, पालक दुसऱ्या क्लासला गेले तरी.

नागपूरची आई

इतकं मान्य केल्यावर मीही थोडं मान्य करते. माझी मुलगी पुढच्या महिन्यात रेटेड स्पर्धा खेळणार, त्यात बदल नाही. पण दर महिन्याच्या एक तारखेला रेटिंगची यादी उघडायचं काम आमच्या घरी मी करते, ती नाही. पंचांनी लिहिलेलं तोंड धुण्याचं वाचलं आणि आठवलं, गेल्या वेळी तिची बाही ओली होती. मी तिला विचारलं होतं, पाणी सांडलं का.

त्या मुलाचं पुढे काय झालं, सर?

शाळेतला पट

शनिवारी तीच स्थिती मांडली. पांढरे त्याच्याकडे, काळे माझ्याकडे, घड्याळ नाही. पहिल्यांदा त्याने घाईने राजा बाहेर काढला आणि मी मागून शह देत बसलो, राजा पुन्हा प्याद्यासमोर जाऊन बसला. दुसऱ्यांदा बराच वेळ त्याने पटाला हातच लावला नाही. मग हत्ती चौथ्या ओळीत आणला, राजा बाहेर काढला, माझे शह मोजत मोजत राजा खाली उतरवला आणि हत्ती मध्ये घातला. प्याद्याचा वजीर झाला. वडील दाराशी उभे होते. त्यांना स्थिती कळत नव्हती, त्यांनी विचारलं, "जिंकला का?" मुलाने मान वर केली नाही. तो मोहरे पुन्हा मांडत होता आणि मला म्हणाला, "सर, आता काळे मी घेतो. तुम्ही चुकता का बघतो."