एकच ओळ दोनदा का जाते
द्राक्ष सर्वेक्षणाच्या (निफाड, दिंडोरी) गुगल शीटमधली ओळ ॲप्स स्क्रिप्ट कामाच्या सिस्टिमला पाठवते आणि तिथे तिचा टास्क (कामाची नोंद) तयार होतो; पण एकच ओळ दोनदा जाते, अशी तक्रार आहे. बहुतेक वेळा टाइमआउट नडतो: टास्क तयार होतो, पण उत्तर परत येत नाही, म्हणून स्क्रिप्ट पुन्हा पाठवते. प्रत्येक ओळीला आधी स्वतःचा युनिक आयडी द्या, तोच सिस्टिमला पाठवा आणि नवा टास्क करण्याआधी तो तिथे शोधा. ओळ क्रमांकावर विसंबू नका, कुणीतरी शीट सॉर्ट करतंच. दोन रन एकमेकांवर चढू नयेत म्हणून लॉकसर्व्हिस (एका वेळी एकच रन चालू देणारी ॲप्स स्क्रिप्टमधली सोय) लावा.

आणि हो, गट नंबरचा कॉलम डेटा भरण्याआधीच प्लेन टेक्स्ट करा. १२/३ टाइप केलं की शीट त्याची तारीख करते. नंतर फॉरमॅट बदलून मूळ नंबर परत मिळेलच असं नाही. मग तलाठ्याकडे काय, तारीख घेऊन जायचं?