जिप्सीच्या पुढून खडखड येतेय, शॉकअप बदलले तरी जात नाही

भोरची_जिप्सी:
मंडळी नमस्कार, मदत पाहिजे. गाडी २००७ची मारुती जिप्सी, पेट्रोल, १ लाख १८ हजार किमी, आधीच्या मालकाने पुढे लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) टाकून थोडी उंच केलेली. पावसाळाभर रायरेश्वरच्या बाजूला कच्च्या रस्त्यानं फिरली, दोन-तीनदा ओढ्यातून काढली, आणि गणपतीनंतर पुढून आवाज सुरू झाला. म्हणजे एक आवाज नाही, तीन आहेत. एक, उभ्या गाडीत स्टेअरिंग इकडे-तिकडे केलं की टक् होतं आणि ते पायाखाली पत्र्याला जाणवतं. दुसरा, डावं चाक खड्ड्यात गेलं की खडखड, स्पीड वीस-पंचवीस असेल तेव्हा जास्त, पुढे कमी होतो. तिसरा म्हणजे वरंधा घाटात उतरताना ब्रेक मारला की एकदाच खाड्, मग परत नाही, पण थांबून रिव्हर्स घेतला की परत एकदा खाड्.
आमच्या मिस्त्रीनं आधी शॉकअप बदलायला लावले, मग टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलले, साडेसात हजार गेले आणि आवाज आहे तिथेच. आता तो म्हणतो स्टेअरिंग बॉक्स उघडू. म्हणलं थांब जरा, आधी विचारतो.

पाटेवाला_काका:
अरे बॉक्स उघडू नको आत्ताच. आणि काही विकत पण घेऊ नको, आधी एक तास गाडीखाली घालव. जोडीला कोणीतरी घे, एकट्यानं हे होत नाही.
गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. जोडीदाराला सांग स्टेअरिंग दोन बोटं इकडे दोन बोटं तिकडे असं हलवत राहा, जोरात नाही. तू खाली जा आणि एकेक जॉइंटवर तळहात ठेव, असा की जॉइंटचे दोन्ही भाग हाताखाली येतील. सैल असेल तर एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून येतो, बोटांना लगेच कळतं, डोळ्यांना नाही कळत. पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघणारा आखूड दांडा) सुरुवात कर, मग ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, मग टाय रॉड. ड्रॅग लिंक बऱ्याचदा विसरतात, सगळे टाय रॉडच्या मागे लागतात. बॉक्सचे चेसिसला धरणारे बोल्ट पण बघ, बॉक्सच हलत असेल तर आत कितीही ॲडजस्ट करा, उपयोग शून्य. आणि बॉक्सच्या वरचा तो स्क्रू कोणालाही आवळू देऊ नको. जास्त आवळला तर स्टेअरिंग मधोमध घट्ट होतं, वळणावरून सोडलं की आपोआप परत येत नाही. तुझं आधीच लांब शॅकलमुळं कॅस्टर (ज्या तिरकेपणामुळं स्टेअरिंग आपोआप सरळ होतं तो) कमी झालेलं असणार, त्यात ही भर नको.
एक सांग, फोर बाय फोर टाकून पूर्ण वळवल्यावर कटकटकट असा आवाज येतो का? माती नाहीतर खडीवरच बघ, डांबरावर नको.

भोरची_जिप्सी:
काका, शेतात बघितलं आत्ताच, हब लॉक करून (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडून) दोन्हीकडे पूर्ण वळवली. कटकट नाही.

पाटेवाला_काका:
मग नकलच्या (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) आतला ॲक्सलचा जॉइंट सध्या सोडून दे.

नकल_खोलणारा:
काकांशी सहमत, पण माझा पैसा किंग पिन बेअरिंगवर, म्हणजे नकल ज्यावर वळते त्या वरच्या-खालच्या बेअरिंगवर. ओढ्यातून काढली म्हणतोस ना, नकलच्या मागचं सील गेलं की पाणी आत जातं, ग्रीसचं ताक होतं आणि खालचं बेअरिंग पहिलं जातं. ॲक्सलखाली जॅक लाव, चाक दोन इंच वर घे, शेजारी स्टँड लाव (विटा नको रे, वीट फुटते). चाक वर आणि खाली धरून हलव, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाला. खेळ आला तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंग पिन. तीन आणि नऊला धरून फक्त तिथेच खेळ असेल तर मग टाय रॉडचा विषय.
नकलच्या मागच्या गोल बॉलवर काय दिसतंय ते पण सांग. काळं ग्रीस ठीक, पण करडं पातळ काहीतरी ओघळलं असेल तर समजून जा.

ओमानवाला:
आमच्याकडे मस्कतला निसान पॅट्रोल गाडीला ब्रेकवर आणि वळणावर असा आवाज आला की आधी पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून असलेला दांडा) रबरी बुश बघतात. पण तिथे कॉइल स्प्रिंग आहे, जिप्सीला ॲक्सल जागेवर धरायला पाटेच आहेत, त्यामुळे तुझा ब्रेकवरचा खाड् मला पाट्यांचाच वाटतो. ब्रेकला ॲक्सल एकीकडे सरकतो आणि रिव्हर्सला परत, म्हणून एकेकदाच वाजतं. पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल असणार.

टपावरचा_जॅक:
हसू नका, पण सीटखालचा जॅक आणि त्याचा हॅन्डल बाहेर काढून एकदा गाडी चालवून बघितली का? मी दोन महिने सस्पेन्शन शोधत होतो.

पाटेवाला_काका:
हसायचं काय त्यात, मीच सांगायला विसरलो. 😀
ओमानवाल्याचं बरोबर आहे. यू-बोल्टला पाना लावून बघच, पण नुसतं तेवढं नको. टेप घे आणि पाट्याच्या मागच्या फिक्स डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंत माप घे, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्ही सारखं आलं पाहिजे. नसेल तर पाट्याचा सेंटर बोल्ट (पट्ट्या एकत्र धरून ॲक्सल जागेवर ठेवणारा) तुटलाय. वरून काही दिसत नाही, यू-बोल्टनी सगळं दाबून धरलेलं असतं.
शॅकल बुशसाठी मात्र जॅक चेसिसला लाव, चाक लटकू दे, मग छोटी पहार घालून शॅकल बाजूला दाब. आणि कुरकुर जावी म्हणून त्या रबरावर जळकं ऑइल मारू नको, लोक मारतात, रबर फुगतं आणि महिन्याभरात त्याचा लगदा होतो.

भोरची_जिप्सी:
काल अख्खा रविवार गेला, बायको स्टेअरिंगवर आणि मी खाली. सगळं लिहितो.
पहिलं जॅक हॅन्डल. काढला. खडखड निम्मी गेली, आता काय बोलू, शॉकअपचे पैसे आठवले.
स्टेअरिंगचे जॉइंट सगळे हातानं बघितले, ड्रॅग लिंक ठीक, बॉक्सचे बोल्ट घट्ट. डावं चाक बारा-सहाला चांगलंच हललं आणि ब्रेक दाबूनही तेवढंच हललं. नकलवरून खरंच करडं ओघळ, हाताला खरखरीत. म्हणजे टक् तिथलाच.
आणि काका, टेप. उजवीकडे आणि डावीकडे ८ मिमीचा फरक! डावा ॲक्सल पुढे सरकलाय. नीट बघितलं तर पाटा आणि ॲक्सलच्या फटीतून गेरूसारखी लाल पूड बाहेर आलेली, आणि यू-बोल्टच्या बाजूला लोखंड घासून चकचकीत झालंय. एवढे दिवस त्याच्यावर मातीचा थर होता, मी धुताना तिथपर्यंत कधी गेलोच नाही. बायकोनं विचारलं की अशी गाडी घेऊन आपण घाट उतरत होतो का. उत्तर नव्हतं.

नकल_खोलणारा:
आता चालवू नको, मिस्त्रीला घरी बोलव. किंग पिन खोलताना वरची-खालची दोन्ही बेअरिंग कपसकट बदल, सील पण. वरच्या टोपीखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) सांभाळून ठेवायला सांग, कुठल्या बाजूचे किती ते लिहून ठेव. शिम कमी केले की नकल घट्ट होते. टाय रॉड सोडवून स्प्रिंग काट्यानं नकल ओढून बघायची, नुसतं हातानं "बरोबर वाटतंय" नाही चालत, जास्त घट्ट केली तर स्टेअरिंग जड आणि बेअरिंग परत गेलंच.

भोरची_जिप्सी:
शेवटचं अपडेट. सेंटर बोल्ट दोन तुकडे होऊन निघाला, डोकं एकीकडे, दांडा एकीकडे. तुटलेली बाजू जुनी गंजलेली, म्हणजे पावसाळ्याच्याही आधीचं असणार. नवीन बोल्ट, यू-बोल्ट चारही नवे, डावे किंग पिन बेअरिंग आणि सील. मिस्त्री आधी कुरकुरला, मग तुटका बोल्ट हातात घेऊन गप्प झाला, आणि मजुरी थोडी कमी लावली स्वतःहून. घाटात जाऊन आलो, टक् नाही, खाड् नाही. सकाळी थंड असताना शॅकलला थोडी कुरकुर आहे, त्यावर पाणी मारलं की थांबते.

पाटेवाला_काका:
पाणी मारून थांबते म्हणजे बुशच. घाई नाही, पण लांब शॅकल काढून मूळ मापाचे बसवशील तेव्हाच बदल. यू-बोल्ट २०० किमी नंतर परत आवळ, चाकं जमिनीवर असताना. आणि तो हॅन्डल फडक्यात गुंडाळून ठेव.